आधी हापसा, मग भाषण

शाळेत जाऊन पोरांना इंजिनिअरिंगची गोडी लावायची म्हणतेस, छान आहे. नोकरी सांभाळून हे करणारी माणसं थोडी. आमच्या वरिष्ठांनी आम्हाला चार गोष्टी सांगितल्या होत्या, पाणीपुरवठ्याच्या नोकरीत त्यांत माझी थोडी भर पडली. आता तुझ्या कानावर घालतो.

पहिली गोष्ट वेळेची. १५ सप्टेंबरला, विश्वेश्वरय्यांच्या जयंतीला, सगळ्याच इंजिनिअरांना शाळा आठवते. हार, नारळ, फोटो, भाषण. ज्यांच्या कल्पनेतून १९०३ साली खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसले, त्यांच्या नावाने पोरांना तासभर हाताची घडी घालून बसवायचं, हे काही बरं नाही. तू दिवाळीची सुट्टी संपली की जा. आधी मुख्याध्यापकांना भेट, मग विज्ञानाच्या बाईंना किंवा सरांना. आठवी-नववीचा वर्ग माग. दहावीच्या पोरांना पेपरापलीकडे काही दिसत नाही. आणि दोन तास लागोपाठचे माग. एका तासात सामान मांडून होतं न होतं, तोच घंटा वाजते.

दुसरी गोष्ट, स्वतःची ओळख दोन वाक्यांत उरक. कुठल्या कॉलेजात शिकलीस, किती टक्के होते, कंपनी केवढी मोठी, हे त्यांना नको असतं. तुझी हुशारी ऐकून पोरं टाळ्या वाजवतील आणि मनाशी म्हणतील, हे आपलं काम नव्हे. त्याऐवजी पहिल्या पाच मिनिटांत त्यांच्या हातात काहीतरी दे.

काय द्यायचं? आगपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब. ही युक्ती अरविंद गुप्तांची. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुण्यात टेल्कोत नोकरी. १९७८ मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तिथे हा खेळ सुचला. काडीचं गुल खरवडून टाकायचं, ट्यूबचे बोटाच्या पेराहून लहान तुकडे कापायचे, त्यांत काड्या खोचायच्या. चार काड्यांचा चौकोन करायला सांग. दाबला की तो कलंडतो. मग तीन काड्यांचा त्रिकोण. तो हलत नाही. इथे तू गप्प बस. कोणीतरी चौकोनात आडवी-तिरपी पाचवी काडी घालायचा खटाटोप करेलच, फक्त ती जरा लांब हवी हे त्याचं त्यालाच उमजू दे. त्यानंतर खिडकीतून बाहेर बोट दाखव. मोबाइलचा टॉवर, पत्र्याच्या शेडची कैची, नदीवरचा रेल्वेपूल, सगळीकडे त्रिकोण. पुढचा आठवडाभर पोरं ते मोजत हिंडतील.

तिसरी गोष्ट माझ्या जिवाभावाची. वर्ग उठव आणि हापशापाशी ने. हापसा पाहिला नाही असं पोर खेड्यात सापडायचं नाही, पण त्याच्याकडे कधी कोणी नीट बघितलेलं नसतं. टेप दे आणि विचार, दांडा एवढा लांब कशाला? खिळीपासून हाताकडची बाजू आणि साखळीकडची बाजू मोजायला लाव, भागाकार त्यांनाच करू दे. मग विचार, सळईला साखळी का, सरळ जोडली असती तर? दांड्याचं टोक वर्तुळात फिरतं आणि सळईला तर सरळ वर-खाली जायचं असतं. साखळी दांड्याच्या गोल डोक्यावर बसते, म्हणून ओढ सरळच राहते. शेवटचा प्रश्न अवघड: पाणी वर ओढणारा दट्ट्या वरच्या पेटीत न ठेवता खाली बोअरमध्ये, पाण्यात का सोडला? वरून ओढलेलं पाणी हवेच्या दाबाने फार तर दहा मीटर चढतं, प्रत्यक्षात त्याहूनही कमी. आपल्याकडचं पाणी त्याच्या कितीतरी खाली.

आणि त्याची गोष्टही सांग. पूर्वी गावोगाव ओतीव लोखंडाचे पंप बसवत. ते बनवलेले एका घरापुरते, पण दिवसभर अख्खं गाव हापसायचं. महिन्या-दोन महिन्यांत मोडून पडायचे. जालन्याच्या मिशनच्या वर्कशॉपात पोलादी, एकाच खिळीवर फिरणारा दांडा आला, सोलापुरात त्यात आणखी सुधारणा झाली, आणि त्या सोलापुरी पंपावरून १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीने इंडिया मार्क टू तयार झाला. पुढे तो जगभर गेला. इंजिनिअरिंग म्हणजे पदवी नव्हे, मोडकी वस्तू बघून ‘ही का मोडते?’ असं विचारणं; हे हापशापाशी जितकं पटतं तितकं कुठल्याच भाषणाने पटत नाही.

चौथी गोष्ट, पाना कोणाच्या हातात आहे यावर नजर ठेव. गट पाडलेस की मुलगे अवजारं पटकावतात आणि मुली वहीत आकृती काढत बसतात. दर दहा मिनिटांनी कामं बदल. आई-आजी आल्या असतील तर त्यांना ए. ललितांबद्दल सांग. अठराव्या वर्षी विधवा, कडेवर तान्ही मुलगी, आणि १९४३ साली मद्रासच्या गिंडी कॉलेजातून विजेची पदवी. पुढे भाक्रा-नांगलच्या कामालाही त्यांचा हात लागला.

पाचवी गोष्ट पैशाची. पॅकेजचे आकडे फेकू नकोस, पण पगार विचारला तर खरं सांग. वाटा स्पष्ट सांग: दहावीनंतर पॉलिटेक्निकची तीन वर्षांची पदविका, तिला वेगळी प्रवेशपरीक्षा नाही, पदविकेनंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, आयटीआय करूनही पुढे जाता येतं. २०२४ पासून आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आणि नियमात बसणाऱ्या मुलींचं व्यावसायिक शिक्षणाचं शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क सरकार भरतं, हे बापाला जरूर सांग. तू सोबत एखादा फिटर किंवा वायरमन ने. पोरांचे निम्मे प्रश्न त्यालाच असतील.

बारीकसारीक काही: २३० व्होल्टची वस्तू वर्गात उघडायची नाही, सेलवर चालणारीच न्यायची. ‘सोपं आहे’ म्हणू नकोस, ज्याला जमलं नाही तो गप्प होतो. उत्तर येत नसेल तर फळ्यावर प्रश्न लिहून ठेव आणि पुढच्या वेळी उत्तर घेऊन जा.

पुढच्या वेळी म्हणजे जायचंच. निघायच्या आत तारीख ठरव आणि उरलेल्या काड्या-ट्यूब बाईंकडे ठेवून ये. एकदा येऊन गेलेल्याला पोरं पाहुणा समजतात, दुसऱ्यांदा आलेल्याला प्रश्न विचारतात. तिसऱ्या खेपेला तुझ्या ऑफिसातली नवी मुलगी सोबत ने, खडू तिच्या हातात दे आणि तू मागच्या बाकावर बस. तिचं कुठे अडतंय ते लिहून ठेव, परतताना एसटीत तिला सांग. यातलं काही चुकीचं निघालं तर खुशाल खोडून टाक, फक्त तिला सांगताना खोडलेलंही सांग.