यात्राकाळातील दक्षता : वस्तूंची, माणसांची आणि मनाची

विवळवेढे येथील श्री महालक्ष्मी मातेची यात्रा चैत्र शुद्ध पौर्णिमेस आरंभ होते आणि सुमारे पंधरा दिवस चालते. डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड या तालुक्यांतून, तसेच सीमेपलीकडील गुजरात व दादरा-नगर हवेलीतूनही भाविक सहकुटुंब दर्शनास येतात. पौर्णिमेच्या रात्री वाघाडीचे पुजारी डोंगरशिखरावर ध्वज लावतात, तेव्हा सर्वांची दृष्टी वर खिळलेली असते. भक्ताच्या दृष्टीने तो धन्यतेचा क्षण. परंतु खिसेकापूही अशाच क्षणाची वाट पाहत असतो. चोरीचे मूळ चोराच्या चलाखीत जेवढे असते, तेवढेच आपल्या बेसावधपणात असते. म्हणून यात्रेस निघणाऱ्या प्रत्येकाने पुढील गोष्टी ध्यानी घ्याव्यात.

१. घर सोडण्यापूर्वी

सर्व कुटुंब एकाच वेळी बाहेर पडणार असल्यास शेजाऱ्यांस कल्पना द्यावी व संध्याकाळी घरात दिवा लागेल अशी व्यवस्था करावी. घराची किल्ली उंबऱ्यावरील कोनाड्यात किंवा कुंडीखाली ठेवण्याची सवय सोडावी. ती जागा घरच्यांइतकीच चोरासही ठाऊक असते. देवीस भाव प्रिय आहे, दागिना नव्हे. म्हणून मौल्यवान अलंकार घालून गर्दीत जाऊ नये. आवश्यक तेवढीच रोख रक्कम घ्यावी व ती दोन-तीन ठिकाणी विभागून ठेवावी.

२. प्रवासात व रांगेत

डहाणू रोड हे पश्चिम रेल्वेच्या उपनगरी गाड्यांचे शेवटचे स्थानक असल्याने तेथे गाडीत चढताना मोठी रेटारेटी होते. त्या वेळी पिशवी पाठीवर न ठेवता पोटाशी धरावी. मंदिर मुंबई-अहमदाबाद महामार्गालगत आहे. वाहन नेमून दिलेल्या जागीच उभे करावे व आतील सामान बाहेरून दिसेल असे ठेवू नये. वेगवान वाहनांमुळे महामार्ग ओलांडताना मुलांचा हात सोडू नये.

रांगेत कोणी अंगावर काही सांडले, पायाशी नाणी पडल्याचे दाखविले किंवा विनाकारण धक्काबुक्की केली, तर प्रथम आपला हात आपल्या पाकिटावर जावा. वयोवृद्ध स्त्रियांना एकटे गाठून ‘पुढे लूटमार झाली आहे, आम्ही पोलीस आहोत, दागिने काढून रुमालात बांधा’ असे सांगणारे भामटे असतात. खरा पोलीस रस्त्यात दागिने उतरविण्यास सांगत नाही. दुकानात मोबाईलवरून पैसे देताना समोर दिसणारे नाव दुकानदाराचेच आहे ना, हे विचारून घ्यावे. पैसे मिळविण्यासाठी आपला गुप्त क्रमांक कधीही टाकावा लागत नाही.

३. मुले व वृद्ध

मुलांच्या खिशात पालकांचे नाव, गाव व दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. चुकामूक झाल्यास कोठे भेटायचे, ती जागा आल्याबरोबर सर्वांनी ठरवून घ्यावी. हरवलेले मूल दिसल्यास त्याला घेऊन इतस्ततः न फिरता त्यास पोलीस मदत केंद्रात पोहोचवावे. बालकांसाठीचा मदत क्रमांक १०९८ आहे.

४. चोरी झालीच तर

गर्दीत ‘चोर, चोर’ असे ओरडत धावू नये. सातारा जिल्ह्यातील मांढरदेवी येथे २५ जानेवारी २००५ रोजी यात्रेच्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन सुमारे तीनशे भाविकांनी प्राण गमावले. कारण कोणतेही असो, दाटीच्या जागी एकदा पळापळ सुरू झाली की ती कोणाच्याही हाती राहत नाही. पाकिटापेक्षा प्राण मोलाचा आहे. बाजूस यावे, जवळच्या पोलिसास सांगावे किंवा ११२ वर कळवावे. रेल्वेत असल्यास १३९ वर संपर्क साधावा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. हद्दीचे कारण सांगून ती नाकारता येत नाही. मोबाईल गेल्यास सिमकार्ड व बँक खात्याचे व्यवहार त्वरित बंद करवावेत. *#०६# दाबल्यावर दिसणारा मोबाईलचा ओळख क्रमांक आधीच घरी लिहून ठेवावा. ऑनलाईन फसवणूक झाल्यास विलंब न करता १९३० वर कळवावे.

५. दक्षता हवी, संशय नको

या पाठातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगावयाची आहे. १६ एप्रिल २०२० च्या रात्री आपल्याच डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे जमावाने दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांची हत्या केली. गुरूंच्या अंत्यविधीसाठी ते सुरतेकडे निघाले होते. त्या दिवसांत परिसरात रात्री चोर व मुले पळविणारे फिरत असल्याच्या अफवा पसरल्या होत्या. चोराने फार तर पैसा नेला असता. अफवेने तीन निरपराध जीव नेले, आणि कित्येक घरांना कायमचे दुःख दिले.

यात्रेत अनोळखी माणसे येणारच. ती यावीत म्हणूनच यात्रा असते. वेश, भाषा वा जात पाहून कोणास चोर ठरवू नये. खात्री नसलेला संदेश पुढे पाठवू नये. संशय आलाच तर पोलिसांस कळवावे. डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा घडल्यास करणाऱ्यास अडवून विनाविलंब पोलिसांच्या स्वाधीन करण्यापुरताच अधिकार कायद्याने नागरिकास दिला आहे. मारण्याचा अधिकार कोणासही नाही. जमाव जमू लागल्यास ‘थांबा’ म्हणणारा पहिला माणूस आपण व्हावे. तीही देवीची सेवाच होय.

मननासाठी

१. आपल्या कुटुंबाची चुकामूक झाल्यास भेटण्याची जागा ठरली आहे काय?
२. घरातील वृद्धांस व मुलांस ११२ हा क्रमांक तोंडपाठ आहे काय?
३. ऐकीव गोष्ट पुढे सांगण्यापूर्वी आपण ती पडताळून पाहतो काय?

सर्व भाविकांची यात्रा सुखरूप पार पडो, आणि जो जसा आला तसाच आपल्या घरी परतो, हीच श्री महालक्ष्मी मातेच्या चरणी प्रार्थना.