गाव लहान, गर्दी मोठी: रस्त्याला पैसे कोण देतो?

प्रश्न: राहुरीहून शनिशिंगणापूरला येणाऱ्या रस्त्याला लागून आमची जमीन आहे. शनिवारी बैल घेऊन पलीकडच्या वावरात जायचे तर गाड्यांची रांग संपेपर्यंत उभे राहावे लागते. शनिअमावास्येला तर आम्ही त्या वाटेला जातच नाही. पण आमच्या पलीकडच्या वस्तीवर दिवसाकाठी चार ट्रॅक्टर जातात, तिथे गेल्या साली काँक्रीटचा रस्ता झाला. कुठला रस्ता आधी करायचा हे ठरवते कोण? आणि पैसे येतात कुठून? (एक वाचक, सोनई परिसर)

उत्तर: आधी मीच तुम्हाला विचारतो, तुमचा रस्ता कोणाचा आहे? म्हणजे तो कुणाच्या दप्तरात नोंदलेला आहे? डांबर सगळीकडे सारखेच दिसते, पण कागदावर रस्त्यांच्या पाच जाती आहेत: राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग. पहिला केंद्राच्या पैशाने होतो. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग साधारणपणे सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असतात, तर शेवटचे दोन जिल्हा परिषदेकडे. गावठाणातले बोळ ग्रामपंचायतीचे. ज्याला या यादीत क्रमांकच नाही, अशा वहिवाटीच्या वाटेवर कोणतेही खाते सहसा पैसा टाकत नाही. त्यामुळे जाणता सरपंच खड्डा दाखवण्याआधी रस्त्याचा क्रमांक शोधतो.

आता पलीकडच्या वस्तीचा रस्ता. तो आधी झाला कारण तो लहान आहे. यात टोमणा नाही. शे-दोनशे मीटर काँक्रीट काही लाखांत बसते आणि काही लाख देणारे खिसे पुष्कळ आहेत. आमदारांना स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी मिळतात, खासदारांनाही ५ कोटी. ग्रामविकास खात्याचे ‘२५१५’ हे लेखाशीर्ष तर गावोगावच्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ असते. लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावातली मूलभूत कामे त्यातून होतात. ‘पंचवीस-पंधरातून दहा लाख आणले’ हे वाक्य नेवासे तालुक्यात तुम्हीही ऐकले असेल. शेतात जाणाऱ्या वाटेसाठी २०२१ मध्ये मातोश्री पाणंद रस्ते योजना आली. या सगळ्या खिशांतून पाच-दहा लाखांच्या चिठ्ठ्या निघतात. वीस किलोमीटरचा रस्ता रुंद करायला लागणारे पैसे त्यातून निघत नाहीत. त्यासाठी राज्याच्या अर्थसंकल्पात ‘५०५४’ खाली, म्हणजे रस्ते आणि पुलांच्या भांडवली खर्चात, त्या कामाचे नाव यावे लागते. डागडुजीचे लेखाशीर्ष वेगळे, ‘३०५४’. थोडक्यात, रस्ते गरजेच्या क्रमाने होत नाहीत, खिशाच्या मापाने होतात.

हे छोटे खिसे आणि राज्याचा अर्थसंकल्प या दोन्हींच्या मध्ये जिल्हा नियोजन समिती बसते. १९९८ च्या कायद्याने ती आली आणि पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात. जिल्हा वार्षिक योजनेचे पैसे ती वाटते. त्यातला मोठा वाटा, साधारण दोन तृतीयांश, ‘गाभा क्षेत्रा’ला म्हणजे शेती, आरोग्य, शिक्षण, पाणी यांना राखलेला असतो. रस्ते येतात ‘बिगर गाभा क्षेत्रा’त. म्हणून समितीच्या बैठकीत रस्त्यांवरून आवाज चढतात. वाटणी लहान आणि मागणारे जास्त, अशी ती पंगत असते.

ग्रामपंचायतीचे काय, असे तुम्ही विचाराल. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी गावाला थेट मिळाला, पण त्यातला ६० टक्के ‘बंधित’, म्हणजे पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांनाच. उरलेल्या ४० टक्क्यांत बाकीचे सगळे. शिंगणापूरची खरी अडचण मात्र पुढे आहे. ही वाटणी प्रामुख्याने लोकसंख्येवर होते आणि लोकसंख्या म्हणजे जनगणनेत जे गावात राहतात ते. शिंगणापूरची वस्ती काही हजारांची. रेल्वे मंत्रालयाने २०२५ मध्ये जो अंदाज दिला त्यानुसार तिथे रोज ३० ते ४५ हजार भाविक येतात. त्यांनी वापरलेले पाणी, टाकलेला कचरा आणि झिजवलेला रस्ता गावाच्या खाती पडतो, पण निधीच्या हिशेबात ती माणसे नसतातच. पंढरपूरपासून तुळजापूरपर्यंत हे थोड्याफार फरकाने खरे आहे, पण तिथे निदान नगरपरिषद आहे. शिंगणापूर ग्रामपंचायत आहे.

मग बांधकाम खाते तरी माणसे मोजते का? माणसे नाही, वाहने मोजते. ही मोजणी जरा तपशिलाने सांगतो, कारण रस्ता किती रुंद व्हावा हे बऱ्याच अंशी तिथे ठरते.

रस्त्याच्या कडेला मोजणीची चौकी बसते. भारतीय रोड काँग्रेसच्या जुन्या संकेतानुसार वर्षातून निदान दोनदा, सलग सात दिवस, रात्रंदिवस मोजणी करायची. एकदा सुगीच्या गर्दीत आणि एकदा मंदीच्या काळात. प्रत्येक वाहनाला ‘प्रवासी कार एकक’ म्हणजे पीसीयूमध्ये वजन असते. कार म्हणजे १. मोटारसायकल ०.५. बस किंवा ट्रक ३. ट्रॅक्टर-ट्रॉली ४.५. आणि सगळ्यांत जड कोण? बैलगाडी, ८! वाहन रस्त्याची किती जागा अडवते आणि मागच्यांना किती रखडवते त्यावर हा आकडा ठरतो. म्हणजे सोनईच्या मुळा कारखान्याकडे उसाची मोळी लादून निघालेली एक बैलगाडी ही शनिदर्शनाला निघालेल्या सोळा मोटारसायकलींइतकी भरते. उसाच्या हंगामात या रस्त्यांवर फिरलेल्या कुणालाही तो आकडा अतिशयोक्त वाटणार नाही.

या एककांची दिवसाची बेरीज ठरावीक पायऱ्यांशी जुळवतात. सपाट मुलखात ३.७५ मीटरच्या एकेरी रस्त्याला दिवसाला २,००० एकके, ५.५ मीटरच्या मधल्या रस्त्याला ६,००० आणि ७ मीटरच्या दुहेरीला १५,०००. बेरीज पुढच्या पायरीवर गेली की रुंदीकरणाच्या मागणीला आधार मिळतो.

इथेच शनिदेवाच्या गावाची गोम आहे. समजा, एखाद्या रस्त्यावर रविवारपासून शुक्रवारपर्यंत दिवसाला ३,००० एकके येतात आणि शनिवारी १५,०००. सात दिवसांची बेरीज ३३,०००, सरासरी सुमारे ४,७००. कागदावर साडेपाच मीटरचा रस्ता पुरेसा ठरला. शनिवारी तुम्ही बैल धरून उभे आहात, त्या सरासरीत तुमचा ताप कुठेच दिसत नाही. शनिअमावास्या तर वर्षात एक-दोनदा, फार तर तीनदा येते. ती त्या सात दिवसांत सापडणे हा नशिबाचाच भाग.

दोष अभियंत्याचा नाही. सरासरीचे शास्त्र रोजच्या रहदारीसाठी बनले आहे, यात्रेसाठी नाही. पण तोडगा आहे. ग्रामसभेने ठराव करून उपविभागीय अभियंत्याला पत्र द्यावे की मोजणी शनिअमावास्येच्या आठवड्यातही घ्या आणि शनिवारचा आकडा वेगळा दाखवा. झालेल्या मोजणीचे आकडे माहितीच्या अधिकारात मागता येतात. आंदोलनाच्या दहा निवेदनांपेक्षा हा एक तक्ता पालकमंत्र्यांच्या टेबलावर जास्त बोलतो, असे माझे मत आहे. (रास्ता रोकोने काम होत नाही असे मी म्हणत नाही. होते. पण त्यातून मिळतो तो बहुधा खड्डे बुजवण्याचा ‘३०५४’, रुंदीकरणाचा ‘५०५४’ नाही.)

अर्थसंकल्पात नाव आले म्हणजे रस्ता झाला, असेही समजू नका. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, या पायऱ्या पुढेच असतात. शिवाय अनेक कामांना पहिल्या वर्षी नुसती नावापुरती तरतूद ठेवतात, म्हणजे नारळ फुटतो आणि बाकीचे दायित्व पुढच्या वर्षांवर ढकलले जाते. ठेकेदाराचे बिल थकले की खडी पसरलेली राहते आणि रोलर निघून जातो. शिर्डीहून शिंगणापूरला येणारा भाविक ज्या नगर-मनमाड रस्त्याने येतो त्याची वर्षानुवर्षे झालेली परवड तुम्हाला मी काय सांगावी!

प्रश्न: देवस्थानाकडे एवढी देणगी जमा होते. तेच हा रस्ता का करत नाहीत?

उत्तर: सरकारी रस्त्यावर देवस्थानाला स्वतःच्या मनाने डांबर टाकता येत नाही. सार्वजनिक न्यासाचा पैसा न्यासाच्या उद्दिष्टांवरच खर्चावा लागतो. वाहनतळ, प्रसादालय, भक्तनिवास हे भाविकांच्या सोयीत सरळ बसते. पानसनाल्याच्या सुशोभीकरणाचे कामही देवस्थाननेच घेतले होते. मंदिराच्या आवाराबाहेर काही करायचे तर रक्कम बांधकाम खात्याकडे ‘ठेव अंशदान’ म्हणून भरायची आणि काम खात्याने करायचे, अशी वाट आहे, पण ती मंजुऱ्यांनी भरलेली आहे. शिर्डीचे उदाहरण घ्या. साई संस्थानाचा कारभार २००४ च्या स्वतंत्र कायद्याने चालतो. संस्थानाने २०१८ मध्ये निळवंडे धरणाच्या कालव्यांसाठी ५०० कोटी रुपये बिनव्याजी द्यायचे ठरवले, तेव्हा देवाचा पैसा कालव्याला का, म्हणून केवढा वाद झाला होता! शनैश्वर देवस्थानासाठीही राज्याने २०१८ मध्येच वेगळा कायदा केला.

माझे विचाराल तर देवस्थानाने रस्ता करू नये, असेच मला वाटते. एकदा केला की तो कायमचा त्यांच्या गळ्यात पडेल आणि सरकार म्हणेल, तिथे देव आहेच की. त्यापेक्षा गर्दीचे व्यवस्थापन, गावाबाहेर वाहनतळ, तिथून मंदिरापर्यंत छोट्या बस हा खर्च त्यांनी उचलावा.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ मध्ये यात्रेकरूंवर कर बसवण्याची सोय आहे, हेही जाता जाता सांगतो. माणशी थोडा कर घेतला तरी गावाच्या हाती बरे पैसे येतील. पण वसूल करायचा तर गाड्या अडवाव्या लागणार आणि या रस्त्यावर गाड्या अडवण्याचे काम लटकूंनी आधीच हाती घेतले आहे. राहुरी सोडल्यापासून दुचाकीवरून पाठलाग करत ‘तेल-फूल आमच्याच दुकानातून’ म्हणून खिडकीशी लटकणारे हे दलाल ज्याने पाहिले त्याला आणखी एक पावती पुस्तक कुठे उभे करावे हा प्रश्नच पडेल.

प्रश्न: आता रेल्वे येणार म्हणतात. मग रस्त्याची गरज कमी होईल का?

उत्तर: राहुरी ते शनिशिंगणापूर या २१.८४ किलोमीटरच्या नव्या मार्गाला रेल्वे मंत्रालयाने २०२५ मध्ये मंजुरी दिली. खर्च ४९४.१३ कोटी, म्हणजे किलोमीटरला साडेबावीस कोटींच्या वर. गाड्यांच्या रोज चार जोड्या धावतील आणि वर्षाला १८ लाख प्रवासी मिळतील, असा अंदाज आहे. राहुरी आधीच दौंड-मनमाड मार्गावर असल्याने हा फाटा जोडायला सोपा.

आता या अंदाजांचाच हिशेब करू. १८ लाख म्हणजे रोज सुमारे ४,९०० प्रवासी. रोजचे भाविक कमीत कमी ३० हजार धरा. प्रवासी म्हणजे वेगवेगळी माणसे असे मानले तरी जेमतेम सहावा हिस्सा रेल्वेने येईल. येताना आणि जाताना एकच माणूस दोनदा मोजला असेल तर बारावा हिस्सा. बाकीचे घोडेगाव फाट्यावरून किंवा राहुरीवरून रस्त्यानेच येणार.

शिवाय मंजुरी आणि गाडी यांच्यात किती वर्षे जातात याचा धडा याच जिल्ह्याने घेतला आहे. २६१ किलोमीटरचा अहमदनगर-बीड-परळी मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला, तेव्हाचा अंदाज ३५३ कोटींचा. निम्मा खर्च राज्याने उचलायचे ठरले. गाडी आष्टीपर्यंत पोहोचली सप्टेंबर २०२२ मध्ये आणि बीडला १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तोवर अंदाज ४,८०५ कोटींवर गेला होता. शिंगणापूरचा फाटा त्याच्या बाराव्या हिश्श्याइतकाच लांब आहे, त्यामुळे इतकी वाट पाहावी लागू नये. तरी भूसंपादनाच्या नोटिसा हातात पडेपर्यंत रस्त्याचा पाठपुरावा सोडू नका.

आणि स्टेशन झाले तरी रेल्वे आपल्या हद्दीतले बांधकाम करते. तिथून मंदिरापर्यंतचा रस्ता, रिक्षातळ, एसटीचा थांबा, दिवे यांचे पैसे पुन्हा बांधकाम खाते, जिल्हा नियोजन समिती आणि ग्रामपंचायत यांच्याच खिशातून निघायचे आहेत. स्टेशनची जागा नक्की झाली की तो जोडरस्ता कोणत्या क्रमांकाने आणि कोणाच्या दप्तरात नोंदला जाणार, हे पहिल्याच ग्रामसभेत विचारून ठेवा.