लिम्फोमाच्या रक्ततपासण्या: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

गाठीच्या तुकड्याचा रिपोर्ट 'डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा' असा आला की हातात तपासण्यांची लांबलचक चिठ्ठी पडते. तिच्यातली बहुधा सर्वांत स्वस्त तपासणी फार कामाची असते: एलडीएच, म्हणजे पेशींमधल्या एका एन्झाइमचं रक्तातलं प्रमाण. खासगी लॅबमध्ये साधारण २५० ते ५०० रुपये, उपाशीपोटी जायची गरज नाही. आजाराची जोखीम ठरवणाऱ्या, १९९३ पासून वापरात असलेल्या आयपीआय गुणांकनात वय, स्टेज, रुग्ण किती हिंडता-फिरता आहे, ग्रंथींबाहेर आजार किती ठिकाणी पोचलाय आणि एलडीएच, एवढंच मोजतात. पाचांत रक्ताची तपासणी ही एकच.

पण एलडीएच फसवतंही. रक्त काढताना वा नेताना तांबड्या पेशी फुटल्या, तर त्यांच्यातलं एलडीएच मिसळून आकडा उगाच चढतो. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात 'हिमोलाइज्ड' असा शेरा दिसला तर नमुना पुन्हा घ्यायला सांगा; त्याचे वेगळे पैसे देऊ नका. शिवाय प्रत्येक लॅबची कमाल मर्यादा निराळी, म्हणून लॅब बदलत राहू नका.

एलडीएच वाढण्यासारखंच अल्ब्युमिन कमी असणं हेही चांगलं लक्षण नाही, पण ते लिव्हर फंक्शन टेस्टमध्ये येतंच. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनला हजार-दोन हजार पडतात. डॉक्टरांनी मागितलं तर करा, मात्र मूत्रपिंड कमजोर असेल तरी ते वाढतं. सीईए, सीए-१२५ वगैरे भरलेली 'कॅन्सर पॅकेजं' सरळ टाळा. ती या आजारासाठी नाहीतच.

काटकसर कुठे नको? तुकड्यातल्या पेशींचा नेमका प्रकार सांगणाऱ्या आयएचसी तपासणीत, कारण उपचार तिच्यावरच ठरतो. आणि रिटुक्सिमॅब हे औषध सुरू होण्यापूर्वीच्या हिपॅटायटिस बीच्या तपासणीत. एचबीएसएजीसोबत अँटी-एचबीसीही हवी. ती राहून जाते आणि दबलेला विषाणू उपचारात उसळून यकृतावर येतो.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला आधी भेटा, कोणत्या तपासण्या त्यात बसतात ते विचारा, मगच बाहेर पैसे भरा.

उपचार संपल्यावर मनाच्या समाधानासाठी दर महिन्याला स्वतःहून एलडीएच करत बसू नका. साध्या कारणानंही ते थोडं वर जातं, आणि त्या धास्तीपायी पंधरा-वीस हजारांचा पेट स्कॅन गळ्यात पडतो.