औषधाने बदललेला स्वभाव ओळखावा कसा?

औषध घेतल्यावर अंगावर पुरळ उठले, मळमळू लागले किंवा तोंडाला कोरड पडली, तर घरातले लगेच म्हणतात, “ही गोळी मानवली नाही.” पण गोळी सुरू झाल्यावर शांत माणूस तापट झाला, हसरी मुलगी गप्प बसू लागली किंवा काटकसरी वडील पैसे उधळू लागले, तर संशय गोळीवर जात नाही. तो जातो माणसाच्या स्वभावावर, मित्रांच्या संगतीवर, घरात नव्या आलेल्या सुनेवर आणि काही घरांत अजूनही ‘बाहेरच्या बाधे’वर. रागावणे, अबोला, गंडेदोरे यांत आठवडे जातात आणि गोळी रोज पोटात जातच राहते.

प्रत्येक परिणामामागे कारण असते, हे तत्त्व आपल्याला नवे नाही. तेच तत्त्व आज औषधाच्या पाकिटाला लावून पाहू. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलेली, योग्य मात्रेत घेतलेली औषधेही काही जणांच्या मनावर आणि वागण्यावर परिणाम करतात. बहुतेकांना असा त्रास होत नाही. पण ज्याला होतो, त्याच्या घराची घडी विस्कटते आणि क्वचित जीवावरही बेतते. वेळीच ओळखले, तर मात्रा कमी करून किंवा औषध बदलून बहुतेक वेळा माणूस पूर्ववत होतो.

हे घडते कसे?

गुडघ्यासाठी घेतलेली गोळी रक्तात मिसळली की गुडघ्यापुरती राहत नाही. रक्त मेंदूलाही जाते. झोप, भूक, राग, भीती, आनंद यांचा कारभार मेंदूतील काही रसायनांवर चालतो. औषधाने त्यांचे प्रमाण किंवा काम बदलले, की मनही बदलते.

याचा मोठा पुरावा क्षयरोगाच्या उपचारातच मिळाला. १९५२ साली न्यूयॉर्कमधील सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रुग्णांना इप्रोनियाझिड हे नवे औषध दिले गेले. अंथरुणाला खिळलेले रुग्ण एकाएकी उत्साही झाले, भरपूर जेवू लागले, वॉर्डात नाचू लागले. औषध छातीच्या रोगासाठी होते, पण ते मेंदूवरही काम करत होते. पुढे हेच औषध उदासीनतेच्या आजारावर वापरले गेले. यकृताला इजा होते असे दिसल्यावर ते मागे पडले. त्या रुग्णांचे मन वर उचलले गेले. काही औषधांनी ते खालीही जाते.

कोणत्या औषधांकडे लक्ष ठेवावे?

१. स्टेरॉइड. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन ही औषधे दमा, संधिवात, त्वचारोग, मूत्रपिंडाचे काही विकार यांत जीव वाचवतात. पण ती सुरू झाल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत झोप उडणे, सतत बोलणे, अकारण आनंद, चिडचिड किंवा रडू येणे असे बदल दिसू शकतात. थोड्या रुग्णांना भास होतात, संशय येऊ लागतो. हे मात्रेशी बांधलेले आहे. अमेरिकेत १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या रुग्णालयीन पाहणीत, रोज ४० मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोन घेणाऱ्यांपैकी १.३ टक्के जणांना तीव्र मानसिक त्रास झाला. ८० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेणाऱ्यांत हे प्रमाण १८.४ टक्के होते.

आपल्याकडे यात आणखी एक अडचण आहे. सांधेदुखी आणि दम्यावर ‘रामबाण’ म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले आढळते. दोन दिवसांत गुडघा मोकळा होतो, म्हणून माणूस पुडी महिनोन्‌महिने घेतो. अशा घरात कुणाची झोप उडाली, वागणे बदलले, तर डॉक्टरांना पुडीबद्दल न लाजता सांगावे.

२. मॉन्टेलुकास्ट. दमा आणि ॲलर्जीच्या सर्दीसाठी हे औषध दिले जाते. आपल्याकडे ते लेव्होसेटिरिझिनसोबत एकाच गोळीत किंवा मुलांच्या सिरपमध्ये सर्रास असते. यामुळे काही मुलांना आणि मोठ्यांनाही भयानक स्वप्ने पडतात, मूल झोपेतून किंचाळत उठते, मारकुटे होते, उदास होते. क्वचित आत्महत्येचे विचार येतात. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधावर सर्वांत कडक, म्हणजे चौकटीतील इशारा छापायला लावला. साध्या ॲलर्जीच्या सर्दीसाठी इतर औषधांनी गुण येत नसेल तरच ते द्यावे, असेही सांगितले. म्हणून मुलाला सर्दीची गोळी सुरू झाल्यावर शाळेतून मारामारीची तक्रार आली, तर मुलाला बदडण्याआधी पाकिटावरचे नाव वाचावे.

३. कंपवाताची औषधे. कंपवातात, म्हणजे पार्किन्सन्समध्ये, मेंदूतील डोपामाइन कमी पडते. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल ही औषधे त्याचे काम करतात. पण डोपामाइन हौस आणि बक्षिसाच्या ओढीशीही जोडलेले आहे. त्यामुळे काही रुग्णांना जुगार, लॉटरी, नको ती खरेदी, सतत खाणे किंवा अनावर लैंगिक इच्छा यांचा नाद लागतो. २०१० साली तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात ही औषधे घेणाऱ्यांपैकी १७ टक्के जणांत असे वागणे दिसले. ती न घेणाऱ्या कंपवाताच्या रुग्णांत ते सुमारे ७ टक्के होते. पाय स्वस्थ राहत नाहीत म्हणून रात्री हीच गोळी घेणाऱ्यांनाही हा धोका आहे. मानसिक आजारावरील ॲरिपिप्राझोल या औषधाबाबत असाच इशारा २०१६ मध्ये दिला गेला.

हा त्रास सर्वांत जास्त लपवला जातो. आयुष्यभर इभ्रतीने जगलेला माणूस साठीनंतर चोरून लॉटरी घेतो किंवा त्याच्या लैंगिक वागण्याची घरात चर्चा होते, तेव्हा लाजेने तो डॉक्टरांना सांगत नाही आणि घरचेही सांगत नाहीत. म्हणून अशा रुग्णाच्या पत्नीने किंवा मुलाने तपासणीच्या वेळी सोबत जाऊन हे स्वतः बोलावे.

४. फिटची औषधे. लेव्हेटिरासिटाम हे आकडी किंवा फिट थांबवणारे चांगले आणि आज फार वापरले जाणारे औषध आहे. काही रुग्णांत त्याने चिडचिड, आक्रस्ताळेपणा आणि उदासी येते. फिट थांबली म्हणून घर खूश असते आणि ‘आजारपणाने लाडावलाय’ असे म्हणून रागाकडे दुर्लक्ष होते. डॉक्टर दुसरे औषध देऊ शकतात. पण घरच्या घरी गोळी बंद केली तर फिट पुन्हा येते, आणि न थांबणारी फिट जीव घेऊ शकते.

५. क्षयरोगाची औषधे. नेहमीच्या उपचारातील आयसोनियाझिडमुळे क्वचित भ्रम, भास किंवा अस्वस्थता येते. औषधांना दाद न देणाऱ्या, म्हणजे एमडीआर क्षयावरील सायक्लोसेरिनमुळे असा त्रास जास्त प्रमाणात होतो. उदासी, आत्महत्येचे विचार, कानात आवाज ऐकू येणे, संशय ही त्याची लक्षणे आहेत. दारूमुळे धोका वाढतो. त्यासोबत मिळणारी ब-६ जीवनसत्त्वाची गोळी मज्जासंस्थेच्या रक्षणासाठी असते, ती टाळू नये. क्षयाचा रुग्ण आधीच कामधंद्याच्या चिंतेने आणि लोकांच्या वागण्याने खचलेला असतो. त्यामुळे ‘वाईट वाटणारच’ म्हणून औषधाचा परिणाम नजरेआड होतो. उपचार अर्धवट सोडणे हा यावरचा मार्ग नव्हे. क्षय कर्मचारी, आशाताई किंवा निक्षय हेल्पलाइन १८००-११-६६६६ यांना सांगावे.

६. उलटीवरचे औषध. मेटोक्लोप्रामाइड दिल्यावर काही जणांना, विशेषतः मुलांना आणि तरुण मुलींना, काही तासांत किंवा पहिल्या एक-दोन दिवसांत विचित्र त्रास होतो. मान एका बाजूला वळते, जबडा आवळतो, जीभ बाहेर येते, डोळे वर फिरतात. काहींना एका जागी बसवतच नाही, आतून तगमग होते. मुलगी शुद्धीवर असते, घाबरलेली असते आणि भोवतालचे म्हणतात, “हिच्या अंगात आलं!” हा स्नायूंवर झालेला औषधाचा परिणाम आहे. दवाखान्यात उतारा म्हणून एक इंजेक्शन दिले, की बहुधा अर्ध्या तासात मान सरळ होते. तिला मांत्रिकाकडे नेऊन धूर देणे आणि मारणे ही क्रूरता आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाही आहे.

७. वृद्धांची औषधे. सत्तरी ओलांडलेल्या व्यक्तीला सर्दीच्या गोळीतील क्लोरफेनिरामिन, कंपासाठीचे ट्रायहेक्सिफेनिडिल किंवा झोपेची गोळी यांनीही गोंधळ उडू शकतो. दिवस-रात्र कळत नाही, घरातली माणसे ओळखू येत नाहीत, रात्री उठून बाहेर जायला निघतात. अर्धशिशी आणि चक्करसाठीचे फ्लुनारिझिन काही महिने घेतल्यावर उदासी आणि हातपाय कडक होणे दिसते. एकाएकी आलेला गोंधळ म्हणजे ‘म्हातारचळ’ असे समजू नये.

सगळेच गोळीवर ढकलू नये

कारण शोधताना घाईही नको. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधा या वनस्पतीचा उच्च रक्तदाबावरील उपयोग ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. तिच्यातील रिसर्पिन हे द्रव्य औषध म्हणून जगभर वापरात आले. त्याने उदासीनता येते असे पुढची अनेक वर्षे पुस्तकांत शिकवले गेले. नंतर जुने पुरावे पुन्हा तपासले गेले, तेव्हा हा संबंध समजला जात होता तितका पक्का नसल्याचे दिसले. एकामागून एक घडले म्हणजे एकामुळेच दुसरे घडले, असे नसते.

वागणे बदलण्याची इतरही कारणे असतात: रक्तातील साखर उतरणे, ताप, लघवीचा संसर्ग, थायरॉइड, दारू सोडल्यावरचा त्रास, मूळ आजार आणि स्वतंत्र मानसिक आजार. मानसिक आजारही इतर आजारांसारखाच उपचाराने बरा किंवा आटोक्यात येणारा आजार आहे. कारण ठरवणे डॉक्टरांचे काम, पण त्यासाठी लागणारी माहिती फक्त घरच्यांकडे असते.

घरच्यांनी काय करावे?

● तारखा लिहाव्यात. औषध कधी सुरू झाले, मात्रा कधी वाढली, वागण्यातला बदल कधी दिसला, हे कॅलेंडरवर लिहावे. मोठ्या हॉस्पिटलातील तपासण्यांइतकीच ही नोंद उपयोगी पडते.

● सगळी औषधे पिशवीत घालून न्यावीत. चिठ्ठीवरची, मेडिकलमधून आपणच आणलेली, आयुर्वेदिक, पुड्या, काढे, सगळी. दोन डॉक्टरांची औषधे एकमेकांना माहीत नसणे हे त्रासाचे नेहमीचे कारण आहे.

● औषध आपल्या मनाने एकदम बंद करू नये. बरेच दिवस चाललेले स्टेरॉइड एकदम थांबवल्यास शरीराला स्वतःचे स्टेरॉइड तयार करायला वेळ मिळत नाही आणि रक्तदाब धोकादायकरीत्या उतरतो. फिटच्या, झोपेच्या आणि कंपवाताच्या गोळ्याही हळूहळूच कमी कराव्या लागतात. ‘बंद करू का?’ हे त्याच दिवशी फोन करून किंवा भेटून विचारावे.

● डॉक्टरांना नेमके सांगावे. “विचित्र वागतो” असे सांगून काही कळत नाही. “ही गोळी पाच तारखेला सुरू झाली, आठ तारखेपासून रात्री दोन तासच झोपतो, काल ताट फेकले, आधी असे कधी केले नव्हते,” असे सांगावे. स्वतःला किंवा घरात कुणाला पूर्वी मानसिक आजार झाला असेल, तर औषध सुरू होतानाच सांगावे. यात कमीपणा नाही.

● रुग्णाला दोष देऊ नये. “तुझ्या वागण्यात फरक पडलाय, तुलाही जाणवतोय का? गोळीमुळे असेल, आपण विचारून येऊ,” एवढे वाक्य पुरते. बऱ्याच जणांना ‘मी वेडा होतोय’ ही भीती एकट्याने सोसावी लागते.

● थांबू नये अशी लक्षणे. मरणाची भाषा, स्वतःला इजा करणे, नसलेले आवाज ऐकू येणे, कुणावर धावून जाणे, एकाएकी शुद्ध हरपल्यासारखे होणे. अशा वेळी रुग्णाला एकटे सोडू नये, घरातील औषधे आणि कीटकनाशके दूर ठेवावीत आणि त्याच वेळी सरकारी किंवा जवळच्या रुग्णालयात न्यावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे.

आपली तक्रारही मोलाची

औषध बाजारात येण्यापूर्वी काही हजार लोकांवर तपासलेले असते. दुर्मीळ परिणाम लाखो लोकांनी वापरल्यावरच उघड होतात, आणि तेही कुणी कळवले तरच. भारतात यासाठी २०१० पासून औषध दक्षता कार्यक्रम चालतो आणि गाझियाबादचा भारतीय औषधकोश आयोग त्याचे काम पाहतो. १८००-१८०-३०२४ या विनाशुल्क क्रमांकावर रुग्ण किंवा नातेवाईक स्वतः तक्रार नोंदवू शकतात. त्यासाठीचा अर्ज मराठीतही आहे. परिणाम औषधामुळेच झाला हे सिद्ध करून दाखवावे लागत नाही, संशय पुरेसा असतो.

पुढच्या वेळी डॉक्टरांनी नवी गोळी लिहून दिली, की तीन प्रश्न विचारावेत: ही कशासाठी आहे, हिने झोप किंवा स्वभाव बदलू शकतो का, आणि तसे झाले तर मी काय करायचे? उत्तर नीट समजेपर्यंत विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे. मिळालेले उत्तर चिठ्ठीच्या मागे लिहून ठेवावे आणि घरातल्या एकाला तरी वाचून दाखवावे, कारण बदल बहुधा रुग्णाच्या आधी त्यालाच दिसतो.