चिनी संभाषणाचा सराव : सहाध्यायी हाच पहिला परीक्षक

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. तेथे ते चिनी भाषा शिकले आणि पुढे त्याच भाषेत वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवू लागले. सोलापूर जिल्ह्याला लागून असलेल्या इंदापूर व शेजारच्या बारामती तालुक्यांतील विद्यार्थ्यांना चिनी भाषा आवाक्याबाहेरची वाटण्याचे कारण नाही.

मराठीची शिदोरी

प-फ, त-थ, क-ख हा मराठीतील भेद चिनी भाषेतही आहे. 'बीजिंग' या नावाचा मूळ उच्चार 'पेइचिंग'च्या जवळ जातो. 'चूल' आणि 'चार' या शब्दांतील दोन निरनिराळे 'च'ही चिनी विद्यार्थ्याच्या उपयोगी पडतात.

खरी अडचण सुरांची

प्रमाण चिनी भाषेत मुख्य सूर चार : सपाट उंच, चढता, खोल जाणारा आणि झपाट्याने उतरणारा. सूर बदलला की अर्थ बदलतो. 'थांग' चढत्या सुरात म्हटल्यास साखर, सपाट उंच सुरात म्हटल्यास रस्सा. 'माइ' तिसऱ्या सुरात म्हणजे विकत घेणे, चौथ्या सुरात म्हणजे विकणे. उसाच्या या पट्ट्यातील तरुणाला उद्या व्यापाराची बोलणी करावयाची झाल्यास ही चूक महागात पडेल. स्वतःची अशी चूक मात्र स्वतःच्या कानाला सहसा कळत नाही. म्हणून जोडीदार हवा.

सरावाची पद्धत

दोघांनी समोरासमोर बसावे. एकाने शब्द उच्चारावा; दुसऱ्याने पुस्तक न पाहता सुराचा क्रमांक लिहावा. क्रमांक चुकल्यास ध्वनिमुद्रित उच्चार ऐकून दोष बोलणाऱ्याचा की ऐकणाऱ्याचा, हे ठरवावे. नंतर भूमिका बदलाव्यात.

चिनी मौखिक परीक्षेच्या प्रारंभिक पातळीची रूढ झालेली रचना तीन भागांची : ऐकलेली १५ वाक्ये पुन्हा म्हणणे, १० प्रश्नांना थोडक्यात उत्तरे देणे आणि २ प्रश्नांवर सविस्तर बोलणे. सरावही याच क्रमाने व घड्याळ लावून करावा. सविस्तर उत्तरांसाठी कुटुंब, शेती, आठवड्याचा बाजार असे परिचयाचे विषय घ्यावेत. उत्तर पाठ न करता केवळ मुद्दे मनात ठेवावेत.

सहाध्यायी बोलत असताना मध्येच टोकू नये. चुका टिपून शेवटी सांगाव्यात. हसे होण्याचे भय गेले की जीभ मोकळी होते. चिनी शिक्षक गावात नसला, तरी लक्षपूर्वक ऐकणारा एक सोबती गावात खचित मिळू शकतो.