सुटे आधी, डोली नंतर

आमच्या साखरखेर्ड्यात बक्षिसी द्यायची वेळ क्वचितच येते. चहावाला ओळखीचा, न्हावी वडिलांच्या वेळचा. लग्नातल्या आचाऱ्याला मात्र निघताना टोपी-दुपट्टा आणि हातावर वेगळे पैसे, ही रीत. त्यामुळे देण्याघेण्यातलं आपल्याला कळतं, असा माझा समज होता. तो अजिंठ्याला उतरला.

आईचे गुडघे धरलेले. लेण्यांच्या पायऱ्या झेपणार नाहीत म्हणून डोली केली. चौघं जण होते, भाव आधी ठरवला. इथवर बरोबर. खाली आल्यावर ठरलेले पैसे प्रत्येकाच्या हातात दिले आणि वर पाचशेची एक नोट पुढच्या माणसाला. "चौघांत वाटून घ्या," म्हणालो आणि स्वतःवरच खूश झालो.

आईचं पाणी पिऊन होईस्तोवर दुसऱ्या डोलीला माणूस कमी पडला आणि तो पुढचा गडी तिकडे गेला. नोट त्याच्या खिशात. उरलेले तिघं तिथंच उभे. त्यातला सगळ्यात लहान पोरगा खांद्यावरची पंच्याची घडी सरकवत होता. खालची कातडी लाल झालेली. "दादा, ती नोट मोडायची कधी अन् आम्हाला मिळायची कधी?" त्यानं विचारलं. आवाजात भांडण नव्हतं, म्हणून जास्त लागलं. माझ्या पाकिटात सगळ्या पाचशेच्याच.

आईनं कमरेचा बटवा सोडला. शेगावच्या दानपेटीसाठी ठेवलेल्या दहा-वीसच्या नोटा मोजून तिघांना दिल्या. मला म्हणाली, "वजन माझं होतं, हिशेब मीच करते."

दुपारी जेवताना दुसरी चूक. बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज आधीच धरला होता. ते न वाचता पैसे भरले, वर वेटरसाठी वेगळे ठेवले. नंतर कळलं की तो भार ग्राहकावर लादता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजी तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ रोजी ती कायम ठेवली. आधी शांतपणे 'हे काढा' म्हणायचं. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. वाचलेल्या पैशातून वेटरच्या हातात द्यावं, म्हणजे कुणाला दिलं ते आपल्याला ठाऊक असतं.

दुसऱ्या दिवशी शेगाव. आदल्या दिवशीचा धडा ताजा, म्हणून आईला आधार देणाऱ्या सेवेकऱ्यापुढे मी वीसची नोट धरली. त्यानं हात जोडले. "माऊली, दानपेटीत टाका." तो सेवेला आलेला, त्याला बक्षिसी देणं म्हणजे त्याची सेवा मजुरीत मोजणं.

तेव्हा आता एवढं पाळतो. "खुशीनं द्या" म्हटलं तरी भाव आधी ठरवायचा. मजुरी वेगळी, खुशी वेगळी. घासाघीस करून मजुरी पाडायची आणि मग बक्षिसी देऊन उदार व्हायचं, हे करायचं नाही. काम चौघांनी केलं तर चार नोटा, चार हातांत. गाडीच्या ड्रायव्हरचा रात्रीचा भत्ता आणि जेवण भाड्यात आहे का, हे निघतानाच विचारायचं. त्याची बक्षिसी शेवटच्या दिवशी. खोली झाडणाऱ्या बाईंसाठी काउंटरवर ठेवायचं नाही, भेटून द्यायचं.

मुलांकडे परदेशी जाणाऱ्यांनी तिथली रीत विचारून घ्यावी. अमेरिकेत बक्षिसीवर चालणाऱ्या कामगाराला मालकानं स्वतः द्यायची किमान मजुरी केंद्रीय कायद्यानं तासाला फक्त २.१३ डॉलर आहे, १९९१ पासून तेवढीच; बऱ्याच राज्यांत जास्त. म्हणून तिथं पंधरा-वीस टक्के न ठेवणं म्हणजे त्याच्या पगारालाच कात्री. उलट जपानात पैसे ठेवून निघालात, तर वेटर ते परत द्यायला मागे धावत येईल.

हल्ली सहलीच्या आदल्या दिवशी मी किराणा दुकानात सुटे मागायला जातो. दुकानदार नोटा मोजता मोजता विचारतो, "भाऊ, यंदा कुठं चालले?"