रक्ताचा जमाखर्च : स्त्रीजीवनाच्या निरनिराळ्या अवस्थांतील आरोग्यविचार

घरातील पै-पैचा हिशेब ठेवणारी गृहिणी स्वतःच्या शरीरातील रक्ताचा हिशेब मात्र क्वचितच ठेवते. जिना चढताना धाप लागते, दुपारनंतर डोके जड होते, केस गळतात, कामात मन लागत नाही. परंतु अंगात ताप नाही, कोठे जखम नाही, मग आजार कसला, असे म्हणून ती पुन्हा कामाला लागते. अशा पुष्कळ स्त्रियांना जडलेल्या विकाराचे नाव रक्तक्षय होय. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी शेकडा ५७ जणींच्या रक्तात हिमोग्लोबिन उणे आढळले. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण शेकडा २५ होते. हा फरक का पडावा, आणि वयाच्या कोणत्या टप्प्यावर स्त्रीने कोणती काळजी घ्यावी, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

जमा आणि खर्च

रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य असते. फुप्फुसांतील प्राणवायू शरीराच्या कानाकोपऱ्यांत पोहोचविण्याचे काम ते करते. हे द्रव्य तयार होण्यास लोह लागते. प्रौढ स्त्रीच्या सर्व शरीरात मिळून लोह असते ते दोन-तीन ग्रॅम, म्हणजे एका लहानशा खिळ्यात मावेल इतके. पुरुषाच्या शरीरातून दररोज सुमारे १ मिलिग्रॅम लोह नाहीसे होते. स्त्रीच्या खात्यावर तेवढा खर्च तर पडतोच. शिवाय दर महिन्याच्या पाळीत सामान्यतः ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते आणि त्याबरोबर सुमारे १५ मिलिग्रॅम लोहही जाते. खर्च असा अधिक, आणि जमेची बाजू पाहावी तर ती उणी; कारण अनेक घरांत सर्वांची पाने उठल्यावर उरलेसुरले खाऊन गृहिणीचे जेवण होते. रक्तक्षयाचे मूळ पुष्कळदा या साध्या वजाबाकीत असते.

वाढीचे वय

मुलींना बहुधा १० ते १५ वर्षांच्या दरम्यान पाळी सुरू होते. याच वयात उंची झपाट्याने वाढते, म्हणजे शरीराची मागणी दोन्ही बाजूंनी वाढते. पूर्वी घरोघरी ‘कावळा शिवला’ एवढ्या आडपडद्याच्या शब्दांत या विषयाची बोळवण होत असे. या आडपडद्याने लज्जा राखली गेली असेल, परंतु मुलीला किती दिवस आणि किती स्राव होतो हे विचारणारे घरात कोणीच राहिले नाही.

पाळी हा विटाळ नव्हे आणि रोगही नव्हे. तो निसर्गधर्म आहे. पहिली दोन-तीन वर्षे ती अनियमित असणे स्वाभाविक असते. एका पाळीच्या आरंभापासून दुसरीच्या आरंभापर्यंत या वयात २१ ते ४५ दिवसांचे अंतर चालू शकते. तथापि स्राव सात दिवसांहून अधिक टिकत असेल, तास-दोन तासांनी कापड किंवा पॅड बदलावे लागत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, वेदनांमुळे दर महिन्यास शाळा बुडत असेल, अथवा १५ वर्षे पूर्ण होऊनही पाळी आलीच नसेल, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. अतिस्रावाच्या मुळाशी कधीकधी रक्त गोठण्याच्या क्रियेतील जन्मजात दोष असतो, आणि तो वेळीच कळल्यास त्यावर उपचार करता येतात. मुलींनी पाळीची तारीख दिनदर्शिकेवर टिपून ठेवावी. डॉक्टरांचा पहिला प्रश्न बहुधा तोच असतो. कापड वापरीत असल्यास ते साबणाने स्वच्छ धुऊन, कोपऱ्यात दडवून न ठेवता, उन्हात वाळवावे.

सरकारी व अनुदानित शाळांतून १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा निळी गोळी देण्याची योजना आहे. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. मळमळते म्हणून काही मुली ती गुपचूप टाकून देतात. गोळी उपाशीपोटी न घेता जेवणानंतर घेतल्यास हा त्रास बराच कमी होतो. शौचाचा रंग काळसर होतो, त्यास भिण्याचे कारण नाही. वर्षातून दोनदा मिळणारी जंतनाशक गोळीही याच हिशेबातील आहे. कारण अंकुशकृमी आतड्यास चिकटून रक्त शोषतात.

मातृत्वाचा काळ

गर्भारपणात खर्चाचा आकडा एकदम फुगतो. आईचे रक्त वाढावयाचे, गर्भाची व वारेची घडण व्हावयाची आणि प्रसूतीच्या वेळचा रक्तस्राव सोसावयाचा. या सर्वांस मिळून सुमारे १००० मिलिग्रॅम लोह लागते. केवळ आहारातून नऊ महिन्यांत इतकी भर पडणे कठीण असते. म्हणून चौथ्या महिन्यापासून निदान १८० दिवस, आणि प्रसूतीनंतर पुन्हा १८० दिवस, रोज एक गोळी घेण्यास सांगण्यात येते. नऊ महिन्यांत निदान चार वेळा तपासणी व्हावी. तीत हिमोग्लोबिन, रक्तदाब, वजन, रक्तातील साखर व लघवी यांची परीक्षा होते. गर्भवती नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला १२ ग्रॅमच्या खाली आणि गर्भवतीचे सामान्यतः ११ ग्रॅमच्या खाली गेल्यास रक्तक्षय समजतात. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी आरोग्यकेंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते, ही गोष्ट प्रत्येक घरात माहीत असावी.

या गोळीतील फॉलिक आम्लाचा इतिहास मुंबईशी निगडित आहे. लुसी विल्स या इंग्रज विदुषी १९२८ साली मुंबईस आल्या आणि गरीब गर्भवती स्त्रियांत, विशेषतः गिरणीकामगार स्त्रियांत, आढळणाऱ्या तीव्र रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. या विकाराचे कारण जंतूंत नसून निकृष्ट आहारात आहे, आणि यीस्टच्या अर्काने रुग्ण सुधारतात, असे त्यांनी दाखवून दिले. त्यांचे हे संशोधन १९३१ साली प्रसिद्ध झाले. पुढे १९४१ साली पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळे करण्यात आले आणि ‘पान’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. विल्स यांना यीस्टमध्ये आढळलेला गुण याच द्रव्याचा होता. गर्भाच्या मेंदूची व पाठीच्या कण्याची घडण पहिल्या काही आठवड्यांतच, आपण गर्भवती आहोत हे स्त्रीला पुरते उमगण्यापूर्वीच, होऊ लागते. यास्तव अपत्याचा विचार असल्यास ही गोळी गर्भधारणेपूर्वीच सुरू करणे इष्ट होय.

प्रसूतीच्या वेळी अर्धा लिटरपर्यंत रक्त जाणे निरोगी स्त्री सोसू शकते; रक्तक्षय झालेल्या स्त्रीला मात्र तेवढेच प्राणघातक ठरू शकते. प्रसूती रुग्णालयातच व्हावी असा आग्रह धरण्याचे हे एक मोठे कारण आहे. भारतात २०१४ ते २०१६ या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे १३० माता मृत्यू पावत. २०१८ ते २०२० या काळात ही संख्या ९७ वर आली. सुधारणा खरी, परंतु उरलेल्या मृत्यूंपैकीही पुष्कळ टाळता येण्याजोगे असतात. मुलीचे लग्न कोवळ्या वयात झाले, तर तिची स्वतःची वाढ आणि गर्भाची वाढ ही दोन्ही एकाच तुटपुंज्या शिलकीवर चालतात. एका प्रसूतीनंतर पुढील गर्भधारणेपूर्वी निदान दोन वर्षे जाऊ देणे म्हणजे रिकामी झालेली तिजोरी पुन्हा भरण्यास अवधी देणे होय.

चाळिशी आणि त्यानंतर

चाळिशीत पाळी अनियमित होऊ लागते. या वयात फार स्राव झाला, तरी ‘आता जायची वेळ आली, असे व्हायचेच’ अशी स्त्रीची समजूत घातली जाते. ही समजूत घातक आहे. गर्भाशयातील गाठी, संप्रेरकांचा असमतोल, क्वचित कर्करोग, अशी अनेक कारणे त्यामागे असू शकतात. दोन पाळ्यांच्या दरम्यान होणारा रक्तस्राव हे गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचेही लक्षण असू शकते. हा कर्करोग पूर्वावस्थेतच ओळखता येतो. म्हणून तिशीनंतर कोणताही त्रास नसला, तरी त्याची तपासणी करून घ्यावी. तो ज्या विषाणूमुळे होतो, त्याविरुद्धची लस मुलींना ९ ते १४ वर्षांच्या वयात देणे उत्तम समजतात.

सलग बारा महिने पाळी आली नाही, म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे मानतात. बहुधा ४५ ते ५५ वर्षांच्या दरम्यान हे घडते. त्यानंतर मासिक खर्च थांबतो. म्हणून एक नियम पक्का ध्यानात ठेवावा. रजोनिवृत्तीनंतर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी तो ‘परत आलेली पाळी’ नव्हे. विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. या वयात रक्तक्षय झाल्यास शरीरात कोठे गुप्त रक्तस्राव होत आहे काय, याचाही शोध घ्यावा लागतो. या काळात हाडेही विरळ होऊ लागतात. त्यासाठी दूध, नाचणी, कोवळे ऊन आणि नित्य चालणे उपयोगी पडते.

जमेची बाजू

बाजरी, मटकी, चवळी, राजगिरा, तीळ, अळीव व हिरव्या पालेभाज्या यांत लोह असते. वनस्पतींतील लोह शरीरात थोडेच शोषले जाते. परंतु पानात लिंबू, आवळा किंवा पेरू असल्यास ते अधिक शोषले जाते. कडधान्यांस मोड आणल्यानेही लाभ होतो. मांसमच्छी खाणाऱ्यांना त्यातील लोह अधिक सुलभतेने मिळते. जेवणाबरोबर घेतलेला चहा मात्र लोहाच्या आड येतो. तो तासाभराच्या अंतराने घ्यावा. बाळंतिणीस अळिवाचे लाडू देण्याची आपली रीत चांगलीच आहे. परंतु रक्तक्षय एकदा झाला, की केवळ लाडवांवर विसंबू नये, औषध घ्यावेच. तसेच रक्ततपासणी केल्यावाचून मनानेच गोळ्यांची मात्रा वाढवू नये. थॅलेसेमियासारख्या विकारात अधिक लोह अपायकारक ठरते.

हा हिशेब एकट्या स्त्रीने ठेवावयाचा नाही. घरातील मुलांनीही आई व बहीण यांच्या पानात काय पडते याकडे लक्ष द्यावे, सर्वांनी एकाच पंगतीस बसावे, आणि आई ‘मला काही झालेले नाही’ असे म्हणाली, तरी तिला एकदा जवळच्या आरोग्यकेंद्रात न्यावे. बोटाच्या टोकावरील रक्ताच्या एका थेंबाने हिमोग्लोबिन मोजता येते, आणि त्यास फार वेळही लागत नाही.